चाकांवरची चित्रे आणि सहीचा प्रश्न

चित्रकाराने रंगवलेली मोटारगाडी कलाकृती मानायची की जाहिरात, हा प्रश्न गेली जवळजवळ पन्नास वर्षे विचारला जातो आहे आणि त्याचे उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या स्वभावावर ठरते. बाजाराचा तिटकारा असणारे ‘जाहिरात’ म्हणतात, संग्रहालयाचा दबदबा मानणारे ‘कलाकृती’ म्हणतात आणि वाद तिथेच संपतो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केलेला आहे. आश्रयदाता कोण, वस्तू वापरात आहे की दालनात आणि चित्राखालची सही कोणाची व ती वाचतो कोण, हे प्रश्न अधिक मूलगामी आहेत. साहित्याचे शिक्षक आणि विद्यार्थी म्हणून आपल्यालाही ते टाळता येण्याजोगे नाहीत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. एर्वे पूलँ हा फ्रेंच गृहस्थ पेशाने कलावस्तूंचा लिलाव करणारा आणि छंदाने शर्यतीत गाडी हाकणारा. या दोन जगांची गाठ घालावी, असे त्याच्या मनात आले. त्याने अलेक्झांडर कॉल्डर या अमेरिकन शिल्पकाराला गळ घातली आणि १९७५ साली बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल ही शर्यतीची गाडी कॉल्डरच्या लाल, पिवळ्या, निळ्या रंगांचे मोठे पट्टे अंगावर घेऊन फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली. यंत्र बिघडल्याने तिला शर्यत पुरी करता आली नाही. वाऱ्यावर डुलणारी शिल्पे घडवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या कॉल्डरच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. पुढच्याच वर्षी तो वारला. १९७६ साली फ्रँक स्टेला आला, १९७७ साली रॉय लिक्टेनस्टाइन, १९७९ साली अँडी वॉरहॉल. लिक्टेनस्टाइनची गाडी ल माँमध्ये नववी आली, वॉरहॉलची सहावी. इथून जी मालिका सुरू झाली तिच्यात पुढे रॉबर्ट राउशेनबर्ग, डेव्हिड हॉकनी, जेनी होल्झर, ओलाफुर एलियासन, जेफ कून्स आणि २०२४ साली जूली मेहरेतू अशी नावे जमा होत गेली.

या पहिल्या चार गाड्यांकडे जरा थांबून पाहायला हवे. मोटारगाडी ही काही कोरी भिंत नव्हे. ती स्वतःच एक घडवलेला आकार असते. इटालियन कवी मारिनेत्ती याने १९०९ सालच्या आपल्या जाहीरनाम्यात धावत्या शर्यतीच्या गाडीला प्राचीन ग्रीक विजयदेवतेच्या शिल्पाहून सुंदर ठरवले होते. रोलाँ बार्थ याने १९५७ सालच्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात सित्रोएन डीएस या गाडीवर लिहिताना आधुनिक मोटारीची तुलना मध्ययुगीन गॉथिक कॅथीड्रलांशी केली होती. एका अवघ्या युगाची ती निर्मिती, अनाम हातांनी घडवलेली आणि लोकांनी चमत्कारासारखी स्वीकारलेली. म्हणजे चित्रकार पोहोचतो तेव्हा त्याच्या पुढ्यात एक पूर्ण झालेले सौंदर्यविधान आधीच उभे असते. त्याने त्यावर काय करावे?

चौघांची उत्तरे वेगवेगळी आहेत. स्टेलाने पांढऱ्या गाडीवर काळ्या रेघांची चौकट आखली. आलेखाच्या कागदावर यंत्राचा आराखडा काढतात तशी ही आखणी, त्यात अधूनमधून कातरकामाच्या खुणांसारख्या तुटक रेषा. यंत्र ज्या कागदावर जन्मले तो कागदच त्याने यंत्राला परत नेसवला. लिक्टेनस्टाइनने आपले छापील ठिपके वापरून गाडीच्या अंगावर रस्ता, आकाश आणि सूर्य काढले. गाडी ज्या प्रदेशातून जाते तो प्रदेश जणू तिच्या पत्र्यावर उमटून राहिला आहे. वॉरहॉलने आणखी वेगळे केले. आधीच्यांनी लहान प्रतिकृती रंगवायची आणि कारागिरांनी ती मोठ्या गाडीवर उतरवायची, अशी रीत होती. वॉरहॉल स्वतः कुंचला घेऊन गाडीला भिडला आणि अर्ध्या तासाच्या आत मोकळा झाला. ओल्या रंगात त्याच्या बोटांचे ओरखडे आहेत. वेग वाढला की रेषा आणि रंग एकमेकांत मिसळून जातात, तेच त्याला दाखवायचे होते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर स्टेलाच्या गाडीत चित्र आणि यंत्र यांच्यात संवादलय आहे आणि वॉरहॉलच्या गाडीत विरोधलय: काटेकोर यंत्रावर ओबडधोबड हात. हे भेद केवळ कंपनीच्या नावाकडे पाहून ‘जाहिरात’ म्हणणाऱ्याला दिसूच शकत नाहीत.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. ‘पण पैसा कोणाचा? कीर्ती कोणाची वाढली?’ असे विचारले जाते. कीर्ती कंपनीची वाढली, यात शंका नाही. एका मोटार कारखान्याला कलारसिक म्हणून मिरवता आले आणि पन्नास वर्षे मिरवता आले. परंतु या न्यायाने मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहायला बसलो तर आपली पंचाईत होईल. राम जोशी आणि होनाजी बाळा यांना पेशव्यांच्या दरबाराचा आश्रय होता. लावणी वाचताना आपण बिदागी कोणी दिली हे टीपेत सांगतो आणि मग लावणीकडे वळतो. आश्रय मिळाला म्हणून रचना खोटी ठरत नाही आणि आश्रय नाकारला म्हणून ती आपोआप खरीही ठरत नाही. आपली साहित्य संमेलने कोणत्या निधीवर उभी राहतात, हे ठाऊक असूनही आपण तिथल्या मांडवात बसतोच. तेव्हा ‘कंपनीचा पैसा’ एवढ्यावर मोटारीला अपात्र ठरवणे हा सोवळेपणा झाला, समीक्षा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कांटने केलेला मुक्त आणि आश्रित सौंदर्याचा भेद रा. भा. पाटणकरांच्या विवेचनातून मराठी वाचकाला परिचित आहे. वस्तूच्या प्रयोजनाची कल्पना मनात बाळगून तिचे सौंदर्य पाहिले की ते आश्रित. हा भेद आपल्या वर्गांतून अनेकदा श्रेणीसारखा शिकवला जातो: मुक्त ते श्रेष्ठ, आश्रित ते दुय्यम. मग गाडी, भांडे, गोधडी, फाळका ही सारी दुय्यम दालनात जातात. ल माँच्या गाड्यांनी ही श्रेणी निदान हलवली. कॉल्डरची गाडी अपघातात चुरा होऊ शकत होती आणि तरी ती पळवली गेली. रात्रीच्या अंधारात, तेलाच्या शिंतोड्यांत, दुसऱ्या गाडीला घासण्याच्या शक्यतेसह चोवीस तास धावणे हे त्या चित्राचे प्रदर्शन होते. तिथे उपयोग आणि सौंदर्य एकमेकांना खाली खेचत नव्हते. चित्राला पणाला लावले होते, आणि त्या पणामुळेच ते चित्र इतर चित्रांहून वेगळे होते.

म्हणूनच या मालिकेचे मला खरे वैगुण्य दिसते ते पुढच्या टप्प्यात. १९८२ साली एर्न्स्ट फुक्स या ऑस्ट्रियन चित्रकाराने ६३५ सीएसआय रंगवली आणि तेव्हापासून बऱ्याच गाड्या शर्यतीसाठी न राहता केवळ दाखवण्यासाठी तयार होऊ लागल्या. १९८६ साली राउशेनबर्गने तर गाडीच्या अंगावर संग्रहालयातील जुन्या चित्रांची छायाचित्रेच चढवली. चाकांवरचे संग्रहालय ही कल्पना त्याने उघडपणे मांडली. पण चाके असून ते संग्रहालय रस्त्यावर फिरायचे नव्हते. पुढे कून्सची गाडी २०१० साली आणि मेहरेतूची २०२४ साली ल माँला धावली, हे खरे. तरी मधल्या काळातील अनेक गाड्या जन्मतःच थांबलेल्या आहेत. दोरीपलीकडे उभी असलेली, पेट्रोल न प्यालेली गाडी ही उपयोगाच्या वस्तूतून निर्माण झालेली कलाकृती राहत नाही. ती महागडा फलक होते. ‘जाहिरात’ हा आरोप करायचाच असेल तर तो या गाड्यांवर अधिक शोभतो.

याच टप्प्यात दोन नावे अशी आहेत की ज्यांच्यामुळे सगळा प्रश्न नव्याने मांडावा लागतो. पहिले नाव एस्थर म्हलांगू. दक्षिण आफ्रिकेतील न्देबेले समाजात घराच्या भिंती रंगवणे हे बायकांचे काम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोअर सत्तेकडून पराभूत होऊन हा समाज शेतमजुरीला जुंपला गेला आणि विखुरला, तेव्हा मातीच्या भिंतीवरची ठळक भौमितिक नक्षी ही ‘आम्ही अजून आहोत’ असे सांगण्याची एक रीत होऊन बसली. म्हलांगू ही कला आई-आजीकडून शिकल्या. कोंबडीच्या पिसाने, पट्टी न वापरता, त्या सरळ रेषा काढतात. १९९१ साली त्यांनी बीएमडब्ल्यू ५२५आय रंगवली. या मालिकेतील त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या आफ्रिकी कलावंत. साल लक्षात घ्या: मंडेला तुरुंगातून सुटून वर्ष झाले होते, वर्णभेदाचे मुख्य कायदे त्याच वर्षी रद्द होत होते आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून तीन वर्षे दूर होती. मतदानाचा हक्क नसलेल्या एका स्त्रीने श्रीमंतांच्या जर्मन गाडीवर आपल्या भिंतीची नक्षी काढली.

याचे दोन अर्थ लागतात आणि दोन्ही खरे आहेत. एक असा की, भिंतीचे आयुष्य गाडीला नाही. भिंत पावसाने धुपते, मुलांच्या दीक्षाविधीच्या निमित्ताने पुन्हा रंगवली जाते. चित्र मोडणे आणि पुन्हा काढणे हाच त्या कलेचा श्वास. गाडीवर चढलेले चित्र वार्निशखाली कायमचे गोठले. दुसरा अर्थ असा की, ज्या बायकांच्या कामाला जगाने ‘जमातीची नक्षी’ एवढेच नाव दिले होते, त्यांपैकी एकीचे नाव प्रथमच स्टेला आणि वॉरहॉल यांच्या पंगतीत लिहिले गेले. नावाने लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

इथे आपल्या प्रदेशाशी एक खराखुरा धागा जुळतो. म्हलांगूंचे नाव जगापुढे आले ते १९८९ सालच्या पॅरिसमधील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनातून. तिथे त्यांनी आपल्या घराची प्रतिकृती रंगवली होती. त्याच प्रदर्शनात डहाणू भागातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचीही चित्रे होती. वारल्यांचा लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने सवाष्णींनी लिहायचा, ही रूढी. ती कला भिंतीवरून कागदावर आली, तिला बाजार आणि प्रतिष्ठा मिळाली, तेव्हा जगाला माहीत झालेले पहिले नाव एका पुरुषाचे होते. म्हसे यांची प्रतिभा वादातीत आहे. रोजच्या जगण्याची, जाळ्याची, मुंग्यांची, नाचाची चित्रे त्यांनी ज्या ताकदीने काढली ती त्यांचीच. २०११ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, ते योग्यच झाले. परंतु चौक लिहिणाऱ्या त्या सवाष्णींची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? न्देबेले भिंतीवरून गाडीवर जाताना सही बाईची राहिली. वारली भिंतीवरून कागदावर येताना ती बदलली. कंपनी की कला, हा वाद घालत बसलो तर हा फरक दिसतही नाही.

दुसरे नाव मायकेल नेल्सन जगमारा. ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी या आदिवासी समाजाच्या या चित्रकाराने १९८९ साली एम३ ही गाडी ठिपक्यांच्या पारंपरिक आकृत्यांनी रंगवली. आदल्याच वर्षी कॅनबेराच्या नव्या संसद भवनासमोरचे विशाल मोझेइक त्याच्या चित्रावरून घडवले गेले होते. १९९३ साली, आदिवासींच्या जमिनीच्या हक्काबाबत सरकारने चालवलेल्या धोरणाचा निषेध म्हणून, तो छिन्नी घेऊन त्या मोझेइकपाशी गेला आणि मधला एक दगड त्याने उपटून काढला. राज्यसंस्थेला दिलेले चित्र कलावंताने जाहीरपणे परत मागितले. आश्रयाची खरी कसोटी मला इथे सापडते. आश्रयदाता किती पैसे देतो, हा प्रश्न गौण आहे. दिलेली कृती कलावंताला परत मागता येते का, तिच्याविरुद्ध बोलता येते का, हे पाहायला हवे. संसदेच्या दारात निदान एक दगड उपटता आला. कंपनीच्या संग्रहातील गाडीचे दार कोण उपटील?

यावर कोणी म्हणेल की, कंपनीने टीकाही होऊ दिलीच की. १९९९ साली होल्झरने गाडीवर अक्षरे लिहिली, आणि त्यांतले मुख्य वाक्य माणसाला त्याच्याच इच्छेपासून वाचवण्याची विनवणी करणारे होते. हव्यासावर चालणाऱ्या वस्तूच्या पाठीवर हव्यासाविरुद्धची प्रार्थना. २००७ साली एलियासनने हायड्रोजनवर चालणाऱ्या प्रायोगिक गाडीचे बाह्य कवच काढून तिथे धातूची जाळी बसवली, तिच्यावर पाणी गोठवले आणि तापमानवाढीच्या काळात गाडी म्हणजे नेमके काय, हे शीतगृहात उभे राहून विचारायला लावले. दोन्ही कामे मला या मालिकेतील सर्वांत विचारगर्भ वाटतात. पण टीका मालिकेत सामील झाली की ती मालिकेचा अलंकार होते, हेही तितकेच खरे. पचनशक्ती मोठी असलेल्या आश्रयदात्यासमोर बंडखोरी फार काळ बंडखोरी राहत नाही. आपल्याकडे प्रस्थापिताविरुद्ध लिहिलेल्या किती कविता अभ्यासक्रमात येऊन दहा गुणांच्या टिपा झाल्या, हे शिक्षक म्हणून आपल्याला वेगळे सांगायला नको.

आता युरोपातून आपल्या महामार्गावर येऊ. इथे रंगवलेली वाहने कधीच दुर्मीळ नव्हती. ट्रकच्या फाळक्यावर कमळ, मोर, गाय-वासरू, डोंगरामागचा सूर्य; बंपरवर शेर; कडेला नजर लागू नये म्हणून काढलेला राक्षसाचा मुखवटा. ही चित्रे धावतात, पावसात भिजतात, घासतात आणि रंग उडाला की पुन्हा काढली जातात. ल माँच्या गाड्यांनी चोवीस तास जे केले ते हे ट्रक जन्मभर करतात. मग या चित्रकारांना सही नसते का? असते. फाळक्याच्या एखाद्या कोपऱ्यात ‘पेंटर’ असे लिहून पुढे नाव असते, कधी गावही असते. सही आहे, ती वाचणारा नाही. आपण या सगळ्याला ‘ट्रक आर्ट’ असे सामान्यनाम देतो आणि सामान्यनाम दिले की विशेषनामे वाचण्याची जबाबदारी संपते. २०१५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने अकारण भोंगे वाजू नयेत म्हणून ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे लिहिण्यास मनाई केली, तेव्हा त्या अक्षरांबद्दल पुष्कळ हळहळ व्यक्त झाली. ती रंगवणाऱ्या हातांबद्दल फारशी झाली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हाही आठवणी गाडीच्या निघाल्या. शेजारच्या ढाक्यातील रिक्षा आणि रिक्षाचित्रे यांना २०२३ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. आनंदाची गोष्ट; परंतु यादीतले नावही कलेचे आहे. चित्रकारांची नावे आपल्यालाच वाचायची आहेत.

या साऱ्याचा आपल्या वर्गाशी संबंध काय? लोकसाहित्याच्या तासाला आपण ‘लोक’ हा शब्द फार सहजतेने वापरतो. ओवी कोणाची? लोकांची. लावणी शाहिराची, अभंग संताचा, कादंबरी लेखकाची आणि ओवी मात्र कोणाचीच नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवून ठेवले. पद्धतीचा भाग म्हणून ही नोंद झाली असेल, पण माझ्या मते ती सौंदर्यशास्त्रीय भूमिकाही आहे. नाव लिहिताक्षणी ‘परंपरेने म्हटले’ हे वाक्य मोडते आणि ‘या बाईने असे म्हटले, त्या बाईने तसे’ हे वाक्य सुरू होते. मग शब्दाची निवड दिसते, बदल दिसतो, चूक दिसते, प्रतिभा दिसते. समीक्षेला जागा तिथेच मिळते. कोणाचेच नसलेले चांगले किंवा वाईट ठरवता येत नाही, त्याचे फक्त जतन करता येते.

या विवेचनावर एक शंका रास्त आहे. सहीचा एवढा आग्रह हा पाश्चात्त्य व्यक्तिवादाचा आग्रह नव्हे काय? चौक लिहिणाऱ्या सवाष्णीला, भिंत रंगवणाऱ्या न्देबेले बाईला स्वतःचे नाव पुढे करण्याची गरजच वाटत नसेल तर? शक्य आहे. अनामिक राहण्याचा हक्क कलावंताला अवश्य आहे. पण तो त्याने निवडलेला असावा. आज वस्तुस्थिती अशी आहे की, वॉरहॉलच्या बोटांचे ठसे आपण प्रतिभेची खूण म्हणून वाचतो आणि फाळक्यावरच्या ब्रशचा फटकारा ‘शैली’ म्हणून. एकाला नाव देण्याची आणि दुसऱ्याला नाव न देण्याची ही निवड कलावंतांची नाही. ती आपण, वाचणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी केलेली आहे.

तेव्हा रंगवलेल्या गाड्यांबद्दलचे माझे मत थोडक्यात असे. धावलेल्या गाड्या मला थांबलेल्या गाड्यांपेक्षा मोलाच्या वाटतात. आश्रयाने मी बिचकत नाही, पण ज्या आश्रयातून कृती परत मागता येत नाही त्याकडे संशयाने पाहतो. आणि म्हलांगूंची गाडी या मालिकेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती धावली नसली तरी. कारण तिच्यामुळे एका समाजाच्या भिंतीखाली राहून गेलेल्या सह्यांची आठवण होते. हे मत मान्य असो वा नसो, एक छोटे काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. लोककलेवर आणि लोकवाङ्मयावर विद्यार्थी प्रकल्प लिहितात, तेव्हा ‘लोकपरंपरा’ या शब्दाखाली थांबू न देता त्यांना गावात, कारखान्यात, बॉडी बांधणाऱ्यांच्या गाळ्यांवर पाठवावे आणि पहिल्या पानावर नावे लिहायला सांगावीत. विश्लेषण दुसऱ्या पानापासून सुरू झाले तरी चालेल.